दात काढलेल्या मधुमेही मांजराचे पहिले काही आठवडे

मधुमेही मांजराचे दात काढून त्याला घरी आणले, की घरातले सगळे ‘आता साखर वाढेल’ या धास्तीत असतात. आमच्या दादरच्या घरातही तसेच होते. आमचा बोका गोट्या १३ वर्षांचा असताना त्याच्या चार दाढा आणि वरचा एक सुळा काढावा लागला. शस्त्रक्रिया नीट पार पडली, दुसऱ्या दिवशी तो खाऊ लागला आणि आम्ही निर्धास्त झालो. नवव्या दिवशी दुपारी पाण्याच्या भांड्याकडे जाताना त्याचे मागचे पाय लटपटले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२, म्हणजे साखर वाढलेली नव्हे, फारच उतरलेली. इन्सुलिनची मात्रा तीच होती, जी तो दीड वर्ष घेत आला होता. वेळ तीच होती, औषधाची बाटलीही तीच. बदलले होते फक्त त्याचे तोंड.

किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या म्हणजे शरीरात सतत धुमसणारा दाह. या दाहामुळे इन्सुलिनचा परिणाम अडतो, साखर आटोक्यात राहत नाही, आणि डॉक्टर हळूहळू मात्रा वाढवत नेतात. दात काढल्यावर दाह ओसरतो, तसे शरीर पुन्हा इन्सुलिनला प्रतिसाद देऊ लागते आणि कालपर्यंत जेमतेम पुरणारी मात्रा आज जास्त होते. हे एका दिवसात घडत नाही. काही मांजरांत आठवड्याभरात, काहींत तीन-चार आठवड्यांत घडते, आणि काहींत फारसे घडतही नाही. त्यातच तोंड दुखत असल्याने मांजर कमी खाते. म्हणजे साखर खाली ओढणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू असतात. दात काढल्यानंतरची सगळी शुश्रूषा ही एवढी बाब लक्षात ठेवून करायची आहे. मात्रा किती द्यायची हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्याकडून काय लिहून घ्यावे, घरी काय मोजावे आणि काय पाहावे, ते पुढे सांगितले आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी

शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. मधुमेही मांजराला फार वेळ उपाशी ठेवणे योग्य नाही, आणि सकाळी शस्त्रक्रिया झाली तर संध्याकाळच्या इन्सुलिनच्या वेळेपर्यंत ते घरी येऊन थोडेफार खाऊ शकते. त्या दिवशी सकाळी इन्सुलिन द्यायचे की नाही, दिले तर किती, आणि आदल्या रात्री खाणे कधी बंद करायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्यावे. बरेच डॉक्टर त्या सकाळी निम्मी मात्रा सांगतात, पण प्रत्येकाची पद्धत निराळी असते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मांजराचा दाखला आपल्याला लावू नये.

मूत्रपिंडाची रक्ततपासणी आणि दातांचे एक्स-रे या दोन्ही गोष्टींचा आग्रह धरावा. मांजराच्या दातांचा एक आजार असा असतो की दात मुळापासून आतल्या आत विरघळत जातो. वरून तो बरा दिसतो आणि खरी अवस्था एक्स-रेमध्येच कळते. मुळाचा तुकडा हिरडीत राहिला तर दाहही राहतो, आणि मग एवढ्या खटाटोपाचा निम्मा उपयोग वाया जातो.

एक गोष्ट मात्र आपणहून बोलावी. मांजराला मधुमेह आहे हे क्लिनिकच्या कागदांवर असतेच असे गृहीत धरू नये, आणि हिरड्यांच्या सुजेसाठी स्टिरॉइडचे इंजेक्शन देणार आहेत का, हे स्पष्ट विचारावे. स्टिरॉइडने रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि लांब काळ टिकणारे इंजेक्शन दिले गेले तर त्याचा परिणाम आठवडेच्या आठवडे राहू शकतो. नियमित डॉक्टर सुटीवर असतात आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी बसलेले असते, तेव्हा हा प्रश्न विशेष उपयोगी पडतो.

शेवटी एक लहानसा तक्ता लिहून घ्यावा: पूर्ण खाल्ले तर किती युनिट, निम्मे खाल्ले तर किती, काहीच खाल्ले नाही तर काय करायचे, आणि साखर कोणत्या आकड्याच्या खाली असेल तर सुई टोचायची नाही. हा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवावा. रात्री अकरा वाजता घाबरलेल्या अवस्थेत, फोन कोणी उचलत नसताना याच कागदाचा आधार असतो.

सिरिंजची टोपी

हा भाग आपल्याकडे मुद्दाम सांगावा लागतो, कारण भारतात बाटलीतले इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळते. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात; ४० ची टोपी लाल, १०० ची नारिंगी. मांजरांना अनेकदा दिले जाणारे ग्लार्जिन हे १०० युनिटचे असते, आणि नाक्यावरच्या केमिस्टकडे नुसते ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटले तर लाल टोपीची हातात पडण्याची शक्यता पुष्कळ. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १०० युनिटचे इन्सुलिन भरले, तर एका रेघेवर प्रत्यक्षात अडीच युनिट भरतात. चार-पाच किलोच्या मांजराला एक-दोन युनिटच द्यायचे असतात, तिथे ही चूक जीवावर बेतू शकते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहावा, आणि अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली ३० युनिटची बारीक सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी, कारण पुढे मात्रा कमी करण्याची वेळ आली की अर्ध्या युनिटचा फरक मोलाचा ठरतो.

इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला खेटून नको. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. ते गढूळ दिसले, त्यात कण दिसले, किंवा बाटली मे महिन्यात गाडीत विसरून राहिली असेल, तर ती टाकून नवी आणावी. वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून क्लिनिकमध्ये नेऊन द्याव्यात. कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार आपणच करायचा असतो.

पहिली रात्र

भुलीतून उठलेले म्हातारे मांजर पहिले काही तास थोडे हरवलेले असते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, चालताना तोल जातो, आणि तरीही आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे नेमके कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर, चढायचा हट्ट धरते. म्हणून पहिल्या रात्री त्याला एका लहान खोलीत, जमिनीवर अंथरूण करून ठेवावे, खिडकी बंद करावी, मातीचा डबा जवळ आणि कमी उंचीचा ठेवावा, आणि पाणी उथळ भांड्यात द्यावे. वयस्क मांजराचे अंग भुलीनंतर लवकर गार पडते. थेट पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नये. गरम पाण्याची पिशवी द्यायची असेल तर ती जाड टॉवेलात गुंडाळून, आणि मांजराला तिच्यापासून दूर सरकता येईल एवढी जागा ठेवून. लाळेत थोडा लालसर अंश पहिले एक-दोन दिवस दिसतो, त्याने घाबरू नये. ताजे रक्त टपकत राहिले, किंवा मांजर दुसऱ्या दिवशीही भिंतींवर आदळत असेल, तर लगेच फोन करावा.

ते पूर्ण शुद्धीवर आले, मान उचलून नीट बसू लागले, की थोडेसे मऊ खाणे पुढे ठेवावे. गुंगीत असताना तोंडात काही भरवू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

काय खाऊ घालावे

मराठी घरात आजारी मांजराला पहिल्यांदा दूधभात कालवला जातो. प्रेम त्यात पुष्कळ असते, पण भात म्हणजे पिठूळ साखर, आणि दुधातली साखर बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. दूधपोळी, ब्रेड, ग्लुकोजची बिस्किटे ही यादीही तशीच बाद करावी. मधुमेही मांजराचे खाणे प्रथिनांचे आणि शक्य तेवढे बिनपिठाचे असावे. बाजारातल्या पाउचांमध्येही दाट रश्श्याच्या प्रकारात बहुधा स्टार्च असते, तर मऊ लगद्यासारख्या प्रकारात ते कमी असते. तोंड दुखत असताना लगदा चाटायलाही सोपा पडतो. डॉक्टरांनी मधुमेहाचे खास खाणे सुरू केले असेल तर त्याचा ओला प्रकार मिळतो का ते पाहावे. फक्त कोरडे दाणेच मिळत असतील तर ते कोमट पाण्यात तासभर भिजवून पूर्ण लगदा करावा. कोरडे दाणे टाके भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, नकोत.

घरचे करायचे असेल तर बिनहाडाचे, कातडी काढलेले चिकन मीठमसाल्याशिवाय उकडावे आणि उकडलेले पाणी न फेकता त्याच्याबरोबरच मिक्सरमधून काढावे. मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन हे पोषकद्रव्य उकडताना पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी महत्त्वाचे. कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात घालू नये; त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणे हाही उपाय नव्हे. ताजे बोंबील उकडल्यावर लोण्यासारखे मऊ होतात आणि आमच्या कोळीणमावशी गोट्यासाठी दोन वेगळे काढून ठेवत असत, परंतु मासा शिजवूनच द्यावा आणि मधला काटा काढून, बोटांनी चाचपून द्यावा. नुसते उकडलेले चिकन हा पूर्ण आहार नाही. आठ-दहा दिवस चालते, महिनोन्महिने नाही.

प्रमाणाचा अंदाज असा: ४ किलोच्या, घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, आणि १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमध्ये साधारण १५० ते १६५ कॅलरी असतात. म्हणजे साधारण १२० ते १३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा या काळात मांजराच्या ताटलीसाठी राखून ठेवावा, कारण ‘बरे खाल्ले’ हे कोणाच्याही डोळ्यांनी नीट ठरत नाही. वाढताना वजन करावे, उरलेले पुन्हा वजन करावे, आणि फरक वहीत लिहावा.

अन्न अंगाइतके कोमट, म्हणजे मनगटावर थेंब ठेवला तर गरम न लागेल इतके असावे. कोमट अन्नाला वास सुटतो, आणि मांजर खाते ते आधी नाकाने. ताटली पसरट असावी, म्हणजे सुजलेले गाल काठाला घासत नाहीत. दिवसभराचे अन्न चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे, पण इन्सुलिनच्या दोन वेळांचे वाढप मोठे ठेवावे.

श्रावण पाळणाऱ्या घरांसाठी एक सूचना. मांजराला श्रावण नसतो आणि संकष्टीही नसते. ते मांसावरच जगणारे जनावर आहे. स्वयंपाकघरात चिकन शिजवायचे नसेल तर पाउच वापरावेत, किंवा बाल्कनीत इंडक्शन आणि एक वेगळे पातेले ठेवावे. आमच्या घरी आईने शेवटी तेच केले, आणि त्या पातेल्याला ‘गोट्याचे’ असे नाव पडले.

मोजणे, खाणे, सुई

या तिन्ही गोष्टींचा क्रम बदलू नये. आधी साखर मोजावी, मग खायला द्यावे, खाणे पोटात राहिले आहे हे पाहावे, आणि मगच सुई टोचावी. शस्त्रक्रियेपूर्वी खाता खाता टोचण्याची सवय असेल तर ती या काळापुरती मोडावी, कारण दुखऱ्या तोंडाचे मांजर चार घास चाटून बाजूला होते आणि मळमळ असली तर अर्ध्या तासात ओकतेही.

इन्सुलिनपूर्वीचा आकडा १५० च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीची मात्रा देऊ नये. मांजराने अजिबात खाल्ले नसेल तरी नेहमीची मात्रा देऊ नये. शंका आली की एक सुई टाळणे हे जास्तीची सुई देण्यापेक्षा सुरक्षित असते. एका वेळेला साखर चढली तर ती उतरवता येते. पण याचा अर्थ इन्सुलिन आपल्या मनाने दोन-तीन दिवस बंद ठेवावे असा नाही. मधुमेही मांजर खातही नाही आणि त्याला इन्सुलिनही मिळत नाही, अशा स्थितीत शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी घातक द्रव्ये, साठतात, आणि हा प्रसंग रुग्णालयात भरती करण्याचा असतो. एक वेळ चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. आणि घरात दोघे जण सुई देणारे असतील, तर दिल्याबरोबर वहीत टिक करावी. ‘तू दिलीस का, मी दिली’ या घोळात दोनदा दिली जाते.

साखर कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून मोजतात. कान आधी कोमट ओल्या फडक्याने शेकावा, मागे कापसाचा बोळा धरावा, आणि टोचल्यावर थेंब आपणहून येऊ द्यावा. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खरी असते त्यापेक्षा कमी साखर दाखवतो. जनावरांसाठी बनवलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर घरचाच वापरावा, फक्त मध्येच यंत्र बदलू नये. स्ट्रिपांच्या डबीचे झाकण मुंबईच्या दमट हवेत क्षणभरही उघडे राहू देऊ नये. दमटलेली स्ट्रिप भलताच आकडा देते. माणसांच्या दंडाला लावतात तो साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर मांजरालाही केस भादरून लावता येतो. तो नेमका याच पंधरवड्यात उपयोगी पडतो, मात्र मांजर तो मुदतीआधी उचकटण्याची शक्यता धरून चालावे आणि सेन्सरने फार कमी आकडा दाखवला तर कानातून मोजून खात्री करावी.

पहिले तीन आठवडे दोन्ही सुयांपूर्वी, आणि शक्य असेल तर सकाळच्या सुईनंतर सहा तासांच्या सुमारास एकदा, इतके मोजणे पुरेसे होते. मधला आकडा विसरू नये. सकाळी २४० आणि संध्याकाळी २६० पाहून सगळे सुरळीत वाटते, आणि दुपारी तो ५० ला उतरलेला असतो. आमचे नेमके तेच चुकले. त्या नवव्या दिवसाआधी दुपारी घरात कोणी मोजणारे नव्हते.

याउलट, क्लिनिकमध्ये घेतलेल्या एका चढ्या आकड्यावरून मात्रा वाढवण्याची घाई करू नये. मांजर घाबरले की त्याची साखर चढते, आणि टॅक्सीतला तास, अनोळखी कुत्री आणि टेबलावरची पकड हे सगळे त्या आकड्यात उतरलेले असते.

साखर उतरली तर

अचानक लागलेली खूप भूक, सुस्ती, लडखडणे, शून्यात पाहणे, मान थरथरणे, आणि शेवटी झटके. ६० च्या खाली आकडा म्हणजे लक्षणे नसली तरी लगेच कृती करायची वेळ. मांजर शुद्धीत असेल आणि खात असेल तर त्याला ताबडतोब खायला द्यावे, त्यावर थोडा मध घातला तरी चालेल. या एका प्रसंगी गोड हे औषध असते. ते खात नसेल किंवा लडखडत असेल तर चमचाभर मध, ग्लुकोजच्या पावडरीचे दाट पाणी किंवा साखरेचा पाक बोटाने गालाच्या आतल्या बाजूला चोळावा. टाके कोणत्या बाजूला आहेत हे आधीच पाहून ठेवलेले असावे, म्हणजे हात दुसऱ्या बाजूला जातो. झटके येत असताना तोंडात बोट घालू नये आणि पातळ काही ओतू नये. ओठांच्या आत फक्त लेप लावावा आणि निघावे.

दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. मांजर सावरले तरी काम संपलेले नसते, कारण मधाचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि टोचलेले इन्सुलिन पुढचे कित्येक तास काम करत राहते. म्हणून सावरलेल्या मांजरालाही खायला घालून दवाखान्यात न्यावे, आणि पुढची सुई डॉक्टरांनी नवी मात्रा सांगेपर्यंत देऊ नये. मधाची लहान बाटली आणि ग्लुकोमीटर एकाच डब्यात, हाताशी ठेवावा.

औषधे आणि घरगुती उपाय

दुखणारे मांजर रडत नाही. ते कोपऱ्यात बसते, अंग चाटणे सोडते, ताटलीपाशी येते, वास घेते आणि परत जाते. अशा मांजराला भूक नाही असे म्हणून सोडून देऊ नये. वेदनाशामक पुरेसे आहे का हे विचारावे. ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध गालाच्या आत सोडायचे असते, गिळवायचे नसते. मेलॉक्सिकॅम डॉक्टरांनी दिले असेल तर त्यांनी सांगितलेल्या थेंबापलीकडे एक थेंबही जास्त देऊ नये, आणि मांजर खात-पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करावा, कारण सुकलेल्या शरीरात ते मूत्रपिंडाला इजा करते.

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीही नाही, लहान मुलांचे सिरपही नाही. मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची सोयच अपुरी असते. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनबद्दलही घरात कोणी प्रयोग करू नये. तोंड आल्यावर माणसे लावतात त्या जेलमध्ये सॅलिसिलेट किंवा बधिरता आणणारे द्रव्य असते, तेही नको. आणि लवंगेचे तेल. दात दुखला की आपल्याकडे हात प्रथम त्याच बाटलीकडे जातो. आमच्या शेजारच्या काकू तर कापसाचा बोळा घेऊनच आल्या होत्या. लवंगेतले युजेनॉल मांजराच्या शरीराला झेपत नाही, आणि टाक्यांवर हळद दाबणे किंवा तुरटीच्या पाण्याने तोंड धुणे यांनी जखम चिघळते. काकूंना चहा द्यावा आणि बोळा परत पाठवावा.

प्रतिजैविकाची गोळी असेल, विशेषतः डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन, तर ती कोरडी गिळवू नये. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. गोळीमागून सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलीलिटर पाणी हळूहळू गालाच्या बाजूने द्यावे. तोंड उघडणेच दुखत असेल तर इंजेक्शनचा किंवा पातळ औषधाचा पर्याय मागावा.

तोंडात काय पाहावे

रोज जबडा उघडून पाहू नये. ओठ हलकेच उचलून एक नजर टाकणे पुरे. टाके बहुधा विरघळणारे असतात आणि काही आठवड्यांत आपणच जातात. हिरडी गुलाबी होत जावी. भोक उघडे पडलेले दिसले, पू आला, डोळ्याखाली गाल सुजला, किंवा तोंडाची दुर्गंधी कमी होण्याऐवजी वाढली, तर तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये. वरचा सुळा काढलेला असेल तर वरचा ओठ आत वळतो आणि खालचा सुळा त्याला टोचू लागतो. गोट्याच्या ओठावर असा लहानसा व्रण झाला होता आणि दवाखान्यात त्या सुळ्याचे टोक बोथट करून घ्यावे लागले. खालचे सुळे काढलेल्या मांजराची जीभ कधी कधी बाहेर लोंबते. ते दिसायला विनोदी असते आणि त्यात काळजीचे काही नसते. सगळे ३० दात गेलेले मांजरही मऊ अन्न छान खाते. दात नाहीत म्हणून उपाशी राहील ही भीती मनातून काढून टाकावी.

धावपळीची वेळ

मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, वारंवार ओकले, श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, ते निपचित पडले, किंवा केमिस्टकडे मिळणाऱ्या पट्टीने लघवीत कीटोन दिसले, तर उद्यावर ढकलू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि मग ते आणखी खात नाही.

मुंबईत कुठे जायचे हे आधी ठरवून ठेवावे आणि वेळा फोनवर विचारून घ्याव्यात. परळला १८८६ पासून असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. उपनगरांत राहणाऱ्यांनी रात्री उघडे असणारे एखादे जवळचे क्लिनिक शोधून ठेवावे. जोराच्या पावसात हिंदमाताला पाणी भरले की परळला जाणारी टॅक्सी मिळत नाही, आणि अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे रस्ते गर्दीने बंद असतात. शस्त्रक्रिया पुढे-मागे करता येण्यासारखी असेल तर विसर्जनाचा आणि दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा टाळावा. तोंडात पू झालेला असेल तर मात्र पंचांग पाहत बसू नये.

कॅरियरमध्ये ओल्या टॉवेलऐवजी कोरडा, घरचा वास असलेला कपडा घालावा. वही बरोबर घ्यावी. डॉक्टरांना ‘नीट खात नाही’ या वाक्यापेक्षा ‘काल ६५ ग्रॅम, परवा ९०’ हे आकडे जास्त उपयोगी पडतात.

दोन आठवड्यांनंतर

दहा ते चौदा दिवसांत तोंडाची तपासणी होते. त्यानंतरही मोजणे सोडू नये, कारण मात्रा कमी करण्याची वेळ पुष्कळदा याच सुमारास येते. पाणी पिणे कमी झाले, मातीच्या डब्यातले लघवीचे गोळे लहान झाले, वजन किंचित वाढले आणि आकडे उतरू लागले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. महिन्याभराने फ्रुक्टोसामिनची रक्तचाचणी केली तर मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज मिळतो, आणि क्लिनिकमधल्या घाबरटपणाचा त्यावर परिणाम होत नाही. काही मांजरांचे इन्सुलिन पुढे पूर्ण सुटते. गोट्याचे सुटले नाही. २ युनिटवरून ते पाच आठवड्यांत टप्प्याटप्प्याने १ वर आले आणि तिथेच राहिले.

ब्रश करायची सवय असेल तर डॉक्टर तोंड पाहून हो म्हणेपर्यंत थांबावे. कोरडे दाणे परत सुरू करायचे झाले तरी पहिल्या दिवशी पाच-सहाच टाकून पाहावेत. गोट्याने त्यातले दोन चावले, चार जमिनीवर ढकलले आणि पातेल्याकडे पाहत बसला. तेव्हापासून त्याचे चिकन आणि पाउच असे मिळून डॉक्टरांनी वजन करून ठरवून दिलेले खाणे चालू आहे.